आपली मान आपल्याला बसवता येत नाही

मंगळवारी सकाळी साडेनऊच्या सुमारास डॉक्टर ऑगस्ट ड्रीसचा उजवा अंगठा झोबेलबाईंच्या पाठीवर होता, आणि त्या अंगठ्याला पाठ लागत नव्हती.

पाठ तर समोरच होती, चांगली भरदार. एकोणीस वर्षांच्या ओळखीची. झोबेलबाई चर्चच्या स्वयंपाकघरात मोठाली पातेली उचलायच्या, त्यामुळे खांद्यांच्या मधला पाचवा मणका दर दोन आठवड्यांनी नेमानं डावीकडे कलायचा. ड्रीस डोळे मिटून अंगठा फिरवायचा आणि तो मणका त्याला घरच्या दाराच्या कडीसारखा सापडायचा. आज अंगठा वर गेला, खाली आला, परत वर गेला, पण हाताला काहीच कळेना. जाड लोकरीचा हातमोजा घालून चाचपावं तसं होत होतं.

"डॉक्टर, उभ्या उभ्या झोप लागली का?" टेबलाच्या खाचेत तोंड खुपसलेल्या झोबेलबाई म्हणाल्या.

"मणका लपून बसलाय तुमचा."

"एकोणीस वर्षांत नाही लपला तो, आजच बरा लपला!"

ड्रीसनं डाव्या हातानं मणका शोधला आणि उजव्या तळव्यानं झटका दिला. झटका तिरका गेला, हे त्याला त्याच क्षणी कळलं. झोबेलबाई उठल्या, खांदे हलवून बघितले, स्वेटर चढवला.

"बसला का? मला तर आवाज आला नाही काही."

"आवाज यायलाच पाहिजे असं नाही. सोमवारी नऊला परत या, बघू."

हे बोलणं तसं खरं होतं, पण बोलताना त्याला चोरी पकडल्यासारखं वाटलं. बाई दारापाशी थांबल्या. उगाच थांबणाऱ्यातल्या त्या नव्हेत. "वय झालं हो आपलं, डॉक्टर. ऑसवाल्ड गावचा तो ट्वेट बघा. दवाखाना बंद केला. यंत्रंबिंत्रं विकून टाकली म्हणे, घरी बसून नदी बघतो." एवढं बोलून त्यांनी ड्रीसचा चेहरा नीट न्याहाळला. त्या खोलीत ट्वेटचं नाव काढायचं नाही, हे क्ले फेरी गावात सगळ्यांना ठाऊक होतं. ड्रीसनं टेबलावरचा कागद फाडून नवा ओढला, आणि त्या गेल्या.

ड्रीसचा विश्वास सरळसोट होता, त्यात गाठी नव्हत्या. मेंदूतून शक्ती निघते, पाठीच्या कण्यातून खाली उतरते आणि दर दोन मणक्यांमधून बाहेर पडून हाताला, पोटाला, काळजाला पोचते. एखादा मणका केसभर जरी जागचा हलला तरी तिथली नस दबते. बागेतल्या पाण्याच्या नळीवर कुणी पाय देऊन उभं राहावं तसं. नळ चालू आहे, पाणी आहे, तरी झाडं सुकतात. पाय उचला, की झालं. भिंतीवर टांगलेला खराखुरा कणा हातात घेऊन त्यानं हे हजारो शेतकऱ्यांना समजावलं होतं. गोळ्या, औषधं, उष्णतेचे दिवे, विजेची गुरगुरणारी यंत्रं हे सगळं त्याच्या मते दुकानदारी होती. शहरातले मोठे डॉक्टर त्याला हाडवैद्य म्हणून हसायचे. हसू देत, तो म्हणायचा, त्यांच्या बायका मागच्या दारानं माझ्याकडंच येतात.

तेव्हा अंगठा बधिर झाला म्हणजे मानेचा सहावा मणका हलला, यात त्याला शंका नव्हती. दुसऱ्या कुणाचा असता तर दोन मिनिटांत बसवून घरी पाठवला असता. पण आपल्या मानेवर आपला हात चालत नाही. मानेखाली टॉवेल गुंडाळून तो जमिनीवर पडून राहिला. दाराच्या चौकटीला डोकं टेकवून हिसका देऊन पाहिला. त्यानं एवढंच झालं की तीन दिवस मान आखडली आणि गावातल्या लोकांना "नमस्कार" म्हणायला त्याला अख्खं अंग वळवावं लागलं.

दिवसाला अकरा पाठी. आठवड्याला साठ. इतक्या माणसांना रोज हात लावणारा हा माणूस, पण त्याला हात लावणारं जगात कुणी राहिलं नव्हतं. एक न्हावी तेवढा होता. कानांवरचे चार केस सोडले तर डोकं गुळगुळीत, तरी ड्रीस दर शनिवारी त्याच्या खुर्चीत जाऊन बसायचा. न्हाव्याचं दहा मिनिटांत आटपायचं. मग ड्रीस म्हणायचा, "मागून जरा बघ रे." न्हावी बिचारा मागून बघायचा, मानेवरून ब्रश फिरवायचा, आणि ड्रीस डोळे मिटून घ्यायचा. तो एकटा होता. ते त्याला माहीत होतं आणि त्याची लाजही वाटायची. हात गेला तर पाठी जातील, पाठी गेल्या तर सकाळी दार उघडून आत येणारं कुणी राहणार नाही. मरणाची त्याला भीती नव्हती, या गोष्टीची होती.

जवळपास असेच मणके बसवणारे चार-पाच तरुण कायरोप्रॅक्टर होते. त्यांच्यापैकी कुणीही मान बघून दिली असती. पण संध्याकाळच्या आत अख्ख्या जिल्ह्याला कळलं असतं की ड्रीसचा हात गेला. तोंड बंद ठेवणारा, आणि यंत्र न लावता नुसत्या हातानं मान बसवणारा एकच माणूस होता. लाइल ट्वेट.

हे दोघं डॅव्हनपोर्टच्या कायरोप्रॅक्टिक कॉलेजात एका वर्गात शिकले. एकोणीसशे बावीस साली नदी ओलांडून पलीकडच्या राज्यात गेले आणि दोघांत एक पाटी लावली. तिथं त्यांच्या धंद्याला अजून परवाना नव्हता. परवान्याशिवाय डॉक्टरकी केली म्हणून पकडले गेले. दंड भरा नाहीतर आत बसा, असं न्यायाधीश म्हणाला. त्या काळात यांच्यातला कुणी दंड भरत नसे. आत बसण्यात इज्जत होती. दोघं दहा दिवस आत बसले. तिसऱ्या दिवशी तुरुंगाधिकाऱ्याची बायको डोकेदुखी घेऊन गजांपाशी आली, आणि पाचव्या दिवशी कोठडीबाहेर रांग लागली. तिथल्या लाकडी फळीवर झोपून दोघांच्या माना आखडायच्या, म्हणून रोज सकाळी आधी हा त्याची मान बसवी, मग तो याची.

तिथून जी सावड सुरू झाली ती पस्तीस वर्षं चालली. महिन्याचा पहिला रविवार, एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे. मध्ये ट्वेटनं यंत्रं घेतली, तेव्हा ड्रीसनं त्याला गद्दार म्हणून घेतलं, दुकानदार म्हणून घेतलं. पण रविवार चुकला नाही. ट्वेटनं लग्न केलं नव्हतं. ड्रीसची बायको कोरा दोघांना जेवायला वाढायची आणि म्हणायची, "माझ्या नवऱ्याला दोन बायका आहेत, त्यातली मीच बरी दिसते."

सत्तावन्न सालच्या शरदात कोराच्या बरगड्यांखाली दुखायला लागलं. ड्रीसनं पाठ तपासली, तर मणका खरंच हललेला होता. त्यानं तो बसवला. एक दिवस बरं वाटलं, परत दुखलं. परत बसवला. तो रोज सकाळी न चुकता बसवत होता, आणि तिचा झगा अंगावर रोज सैल होत होता. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी ट्वेट आला. जेवताना त्यानं कॉफीचा कप खाली ठेवला आणि कोराच्या समोरच म्हणाला, "ऑगस्ट, हे मणक्याचं नाही. तिला इस्पितळात ने. उद्याच्या उद्या."

ड्रीसनं त्याला दार दाखवलं. कोरा ताटलीकडे बघत राहिली. पुढं जानेवारीच्या मध्यावर तिला नेलं, तेव्हा सर्जननं पोट उघडलं आणि तसंच शिवून टाकलं. मार्चमध्ये ती गेली. ट्वेट दफनाला आला, सगळ्यांच्या मागं उभा राहिला. ड्रीसनं त्याच्याकडे बघितलं नाही. ट्वेट चुकला असता तर ड्रीसनं त्याला कधीच माफ केलं असतं. तो बरोबर होता, ते सहन झालं नाही.

याला नऊ वर्षं झाली.

रविवारी चर्चनंतर लोक तळघरात कॉफीला उतरले आणि ड्रीस ऑसवाल्डला जायला गाडीत बसला. बावीस मैल. नदीतला बर्फ फुटून मोठे तुकडे वाहत होते, रस्ताभर चिखल. मधल्या गावात त्यानं एकदा गाडी वळवली आणि परत फिरवली. 'मान बघ, बाकी बोलणं नको,' हे वाक्य त्यानं वाटेत इतक्यांदा घोकलं की त्याला काही अर्थच उरला नाही.

ट्वेटनं दार उघडलं. खांद्यावर विजारीचे पट्टे, पायात नुसते मोजे, हातात अर्धा सोललेला बटाटा. पूर्वीपेक्षा बुटका झाला होता.

"दवाखाना बंद आहे," तो म्हणाला.

"कळलं मला. यंत्रं कुणाच्या गळ्यात मारलीस?"

"मोलीनच्या एका नवशिक्याच्या. तुझ्या शिव्यांसकट दिली."

"मग स्वस्तात गेली."

"आत ये नाहीतर जा. घर गार पडतंय."

पुढच्या खोलीत खिडकीपाशी तेच जुनं टेबल होतं, बाकी खोली रिकामी. ड्रीसनं कोट काढला. "मान बघ. बाकी बोलणं नको."

"बोलायला कोण मागतंय तुझ्याशी? झोप पालथा."

ड्रीस पालथा झोपला. ट्वेटची बोटं मानेवर आली. गार होती, आणि बटाट्याचा वास येत होता त्यांना. पण पहिल्या मणक्यापाशी ती ज्या तऱ्हेनं थांबली, ती तऱ्हा ड्रीसच्या मानेला पाठ होती. तोंड खाचेत आहे हे बरं, असं त्याला वाटलं. बोटं एकेक मणका उतरत खाली गेली, परत वर आली, परत खाली गेली. मग ट्वेटनं मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली.

"सहावा," ड्रीस खाचेतून म्हणाला.

"मला शिकवू नकोस. उठून बस."

त्यानं ड्रीसचा उजवा हात आपल्या हातात घेतला, अंगठ्याच्या बुडाशी दाबलं. जिथं मांसाची गादी असते तिथं खळगा पडला होता. "चिमटीत धर हे." त्यानं कागदाचा तुकडा दिला आणि नुसता ओढला. कागद सहज निसटला.

"कधीपासून?"

"नाताळपासून असेल. या आठवड्यात पार गेला."

ट्वेटनं कागदाचा तुकडा खिडकीत ठेवला. मग वळला. "तुझ्या मानेत काही नाही, ऑगस्ट. एक मणका हललेला नाही. हे काय आहे ते मला माहीत नाही. इस्पितळात जा. उद्याच्या उद्या."

ड्रीस टेबलावरून उतरला. "तेच शब्द!"

"तेच. दुसरे मला येत नाहीत."

"तिच्यासमोर बोललास तू तेव्हा. तिच्या तोंडावर! आजारी बाईला घाबरवलंस. त्या दिवसानंतर तिनं..." त्यानं कोट चढवला आणि बटण लावायला लागला. बटण लागेना. अंगठा त्याच्यावरून नुसता घसरत होता. दोनदा, तीनदा. ट्वेट पुढं झाला आणि काही न बोलता खालून एकेक बटण लावू लागला, लहान पोराचं लावावं तसं. ड्रीसनं त्याला झिडकारलं नाही. त्याची सगळी अक्कड तिथंच संपली.

"तिनं मला विचारलं होतं, लाइल."

ट्वेटचे हात थांबले.

"नोव्हेंबरात. भांडी पुसता पुसता. म्हणाली, एकदा दाखवून येऊ का मी? मी म्हटलं, आणखी दोन आठवडे बघू. पुन्हा विचारलं तिनं. पुन्हा मी दोन आठवडेच म्हटलं." त्याचा आवाज फाटला. "लोकांना वाटतं तिचाही माझ्यासारखाच विश्वास होता. मीच तसं सांगत आलो. तिनं दोनदा विचारलं होतं. हे कुणाला माहीत नाही."

"मला माहीत आहे," ट्वेट म्हणाला.

ड्रीसनं डाव्या हातानं त्याचं मनगट धरलं.

"थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी फोन आला होता तिचा. तू दवाखान्यात होतास. म्हणाली, लाइल, मी विचारून उपयोग नाही, तू सांग. माझ्यासमोर सांग, म्हणजे तिथंच हो म्हणता येईल मला." ट्वेट उरलेलं बटण बोटांत धरून बोलत होता. "पण तू असा उसळलास की ती हो म्हणायचीच राहिली."

"तिनं... आणि तू बोलला नाहीस?"

"शब्द घेतला होता तिनं. त्याला कळू देऊ नकोस म्हणाली. म्हणाली, घरातल्या माणसाचाच भरवसा उरला नाही असं त्याला वाटलं तर तो कोलमडेल."

"ती गेल्यावर तरी सांगायचंस!"

"म्हटलं, माझ्यावर चिडून आहेस, राहू दे. नाहीतर स्वतःवर चिडशील."

ड्रीस टेबलाच्या कडेवर बसला. "मी स्वतःवरच चिडलेलो होतो रे," तो म्हणाला. "पहिल्या दिवसापासून."

बाहेर नदीत बर्फ एकमेकांवर आपटत होता. स्वयंपाकघरात पाण्याला उकळी फुटली होती आणि झाकण खडखडत होतं. ट्वेट आत गेला, गॅस बंद करून परत आला.

"नऊ वर्षं, लाइल."

"हं."

"बावीस मैल."

"दोन वेळा तुझ्या गल्लीपर्यंत येऊन गेलोय मी. खिडकीत दिवा होता." ट्वेटनं नाक पुसलं. "परत फिरलो."

ड्रीसनं त्याच्याकडे नीट बघितलं, कदाचित दार उघडल्यापासून पहिल्यांदाच. ट्वेटचा उजवा खांदा वर चढला होता आणि डोकं त्या बाजूला कललं होतं. दहा हात लांबून दिसत होतं.

"तुझी मान कोण बघतं?"

"कोण बघणार? पोरं नुसती यंत्र लावतात."

"तूच तर विकलीस त्यांना."

"म्हणून तर माहीत आहे."

"झोप."

"तुझा हात..."

"दुसरा आहे की. झोप म्हटलं ना."

ट्वेट बडबडत पालथा झाला. ड्रीसनं उजवा हात त्याच्या खांद्यावर नुसता टेकवून ठेवला आणि डाव्या अंगठ्यानं सुरुवात केली. डाव्याला सवय नव्हती, वेळ लागला. पण दुसऱ्या मणक्यापाशी अंगठा अडला. मणका उजवीकडे वळला होता आणि त्याच्याभोवतीचं मांस लाकूड झालं होतं. एवढं घेऊन हा माणूस नऊ वर्षं बटाटे सोलत बसला होता. ड्रीसनं डाव्या तळव्याची कड लावली, ट्वेटचा श्वास बाहेर पडू दिला आणि झटका दिला. खोलीत स्पष्ट ऐकू येईल असा आवाज झाला.

मग ट्वेटचे खांदे हलायला लागले. ड्रीसनं हात काढला नाही. काम झालं होतं, तरी तो पाठीवरून अंगठा खाली उतरवत राहिला, एकेक मणका मोजत, कसलीच घाई न करता.

"उद्या आठला गाडी घेऊन येतो," शेवटी खाचेतून भिजलेला आवाज आला. "आयोवा सिटीच्या इस्पितळात जायला दीड तास लागतो."

"नऊला झोबेलबाई येणार आहेत."

"फोन कर त्यांना."

"काय सांगू?"

"सांग, डॉक्टरकडे चाललोय."

पंचेचाळीस वर्षांत हे वाक्य ड्रीसच्या तोंडून निघालं नव्हतं. झोबेलबाईंना सांगायचं म्हणजे दुपारच्या आत अख्ख्या क्ले फेरीला सांगण्यासारखंच. त्या काय म्हणतील, न्हावी काय म्हणेल, भिंतीवरचा तो कणा कुणाला विकावा लागेल, हे सगळं त्याच्या डोक्यात येऊन गेलं. मग कोरा आली, हातात भांडी पुसायचं फडकं घेऊन, त्याच्या उत्तराची वाट बघत उभी.

"आठला नको," तो म्हणाला. "सातला ये. आठपर्यंत मी पुन्हा दोन आठवडे म्हणेन."